खिशातल्या छोट्या चाकूला मनाई आदेशातून वगळा

राज्यातल्या बहुतेक शहरांत आणि जिल्ह्यांत वर्षातून अनेकदा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1) खाली मनाई आदेश निघतो. त्याची भाषा ठरलेली असते: शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर बाळगायला मनाई. सुरा किती लांबीचा, सरळ की मिटणारा, उघडल्यावर पाते लॉक होणारा की बिनलॉकचा, याबद्दल अवाक्षर नसते. त्यामुळे पेरू कापायचा सहा सेंटीमीटर पात्याचा मिटणारा चाकू आणि दीड फुटी कोयता एकाच ओळीत बसतात. कुणाला सोडायचे आणि कुणावर शिक्षेचे कलम 135 लावायचे, हे त्या वेळी समोर असलेल्या पोलिसाच्या मर्जीवर राहते.

माझी मागणी अगदी छोटी आहे. तीन इंचांच्या आतल्या पात्याचा, लॉक नसलेला, मिटणारा चाकू या आदेशांतून स्पष्ट शब्दांत वगळावा. ही मागणी ऐकून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. "कशाला लागतो खिशात चाकू?" हा त्यांचा प्रश्न गैर नाही. त्याला वादाने उत्तर देऊन कुणाचे मत बदलत नाही. योग्य चाकू महिनाभर जवळ असला की मात्र तो प्रश्न सहसा मागे पडतो. योग्य म्हणजे कोणता, हे कळले तरच कायद्यात रेघ कुठे ओढायची तेही कळते.

आधी केंद्राचा कायदा पाहू. 1959 च्या शस्त्र कायद्यात केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येबाहेर आहेत. 2016 च्या शस्त्र नियमांत धारदार शस्त्रांसाठी माप दिले आहे: पाते 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद, आणि तेही घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेले नसेल तर. दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेने आणखी एक पायरी गाठली. तिथे माप 7.62 सेंटीमीटर लांबी आणि 1.72 सेंटीमीटर रुंदीचे आहे, पण ते लागू होते बटनदार, गरारीदार (दातेरी खाचांवर उघडणाऱ्या) आणि स्प्रिंगने उघडणाऱ्या चाकूंना. म्हणजे पाते किती लांब यासोबत ते कसे उघडते हेही मोजले गेले. हा विचार बरोबर दिशेचा आहे. आपल्या मनाई आदेशांत ना लांबी आहे ना यंत्रणा.

ब्रिटनने हीच रेघ अधिक नेमकी ओढली. तिथे 1988 च्या फौजदारी न्याय कायद्याचे कलम 139 सार्वजनिक ठिकाणी पाते बाळगायला बंदी घालते, पण धार 3 इंचांपेक्षा जास्त नसलेल्या मिटणाऱ्या खिशातल्या चाकूला त्यातून वगळते. पुढे 1993 मध्ये तिथल्या न्यायालयाने स्पष्ट केले की पाते उघडल्यावर लॉक होत असेल तर तो चाकू या सवलतीत बसत नाही, कारण तो केव्हाही सहज मिटता आला पाहिजे. आणि सवलतीतला चाकूसुद्धा कुणाला इजा करण्याच्या हेतूने बाळगला तर तो गुन्हाच. ब्रिटनमध्ये चाकूहल्ल्यांचा प्रश्न गंभीर आहे आणि तिथले कायदे वरचेवर कडक होत आले आहेत. तरीही ही सवलत टिकून आहे, याला अर्थ आहे.

बिनलॉकचा चाकू हल्ल्याला कुचकामी का, हे त्याच्या रचनेत आहे. असा चाकू उघडा राहतो तो फक्त पाठीमागच्या स्प्रिंगच्या दाबावर. पात्याची टाच, म्हणजे मुठीतले बूड, त्या स्प्रिंगवर टेकलेली असते. धारेच्या बाजूने दाब आला तर पाते जागच्या जागी राहते, पण टोकावर किंवा पाठीवर जोर आला की स्प्रिंग हार मानते आणि पाते मुठीकडे मिटते, म्हणजे धरणाऱ्याच्याच बोटांवर. भोसकण्याच्या प्रयत्नात पहिली जखम स्वतःला होण्याची शक्यता दाट. हेच कारण घरकामातही लक्षात ठेवायचे: डब्याच्या झाकणाखाली टोक घालून उचकटायचे नाही, जाड प्लास्टिकला टोकाने भोक पाडायचे नाही, कापताना पाते नेहमी धारेच्या दिशेनेच दाबायचे. नवख्यांना जखमा होतात त्यातल्या बऱ्याचशा या तीन चुकांमधून. चौथी चूक म्हणजे चाकू बंद करताना पात्याच्या वाटेत बोट ठेवणे. मूठ दोन्ही कडांनी धरावी आणि पाते तळव्याने मिटवावे, म्हणजे तीही टळते.

लोकांच्या मनातली भीती मात्र या चाकूची नाहीच. ती रामपुरीची आहे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा खटका दाबून उघडणारा चाकू हिंदी चित्रपटांनी घराघरांत पोहोचवला, आणि 'मिटणारा चाकू म्हणजे गुंडाच्या हातातली वस्तू' हे समीकरण पक्के झाले. त्याच काळात आपल्या आजोबांच्या चंचीत अडकित्ता होता, शाळेच्या कंपासपेटीत पेन्सिलीला टोक करायला ब्लेड होते आणि कोकणात कलमे बांधणाऱ्याच्या खिशात मिटणारा चाकू होता. त्यांची कुणाला भीती वाटली नाही.

कलमांचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्यात आंब्याचे कोय कलम बांधतात. कोय रुजून साधारण दोन आठवड्यांचे, अजून तांबूस आणि लुसलुशीत असलेले रोप घ्यायचे, ते सात-आठ सेंटीमीटर उंचीवर छाटायचे आणि मधोमध तीन-चार सेंटीमीटर खोल उभी चीर द्यायची. हापूसची तेवढ्याच जाडीची काडी दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. सगळे यश त्या दोन तासलेल्या बाजूंवर अवलंबून. पाते बोथट असेल तर सालीखालचा हिरवा थर चिरडतो, पाचरेचा पृष्ठभाग लहरी होतो, काडी आणि रोप यांच्यात पोकळी राहते, पाणी शिरते आणि काडी काळी पडते. म्हणून कसबी माणूस कलमांच्या चाकूने दुसरे काही कापत नाही आणि दिवसातून अनेकदा धार लावतो. हा चाकू त्याच्या खिशात मनाई आदेशाच्या काळातही असतो, कारण पाऊस आदेश बघून पडत नाही. कागदावर मात्र तो माणूस कारवाईला पात्र ठरू शकतो.

शहरातल्या शंकेखोराचे प्रकरण वेगळे. त्याला पटवायला मोठा, दणकट चाकू भेट दिला की काम बिघडते. रस्त्यावर किंवा ऑनलाइन मिळणारा स्वस्त 'टॅक्टिकल' चाकू घ्या: नऊ-दहा सेंटीमीटरचे काळे पाते, साडेतीन मिलिमीटरची जाड पाठ, बोटाने ढकलताच फटकन उघडणारी यंत्रणा, खिसा ओढून धरणारे वजन. त्याने सफरचंद कापून पाहा. पाते सेंटीमीटरभर आत जाते आणि मग पाचरेसारखे दोन्ही बाजू ढकलू लागते. सफरचंद कापले जात नाही, कडकन फुटते. टोमॅटो चेंगरतो. ऑफिसात तो उघडला की चार माना वळतात. शिवाय त्याचे लॉक म्हणजे बहुधा मुठीच्या आतली पातळ पट्टी, जी पात्याच्या टाचेला जेमतेम काठावर टेकलेली असते. बिजागरीचा स्क्रू सैल झाला की पाते हलू लागते आणि एखाद्या दिवशी जोर येताच पट्टी सरकते. लॉक आहे या विश्वासाने माणूस जास्त जोर लावतो, म्हणून न धरणारे लॉक हे लॉक नसण्यापेक्षा वाईट. असा चाकू महिनाभरात ड्रॉवरमध्ये जातो आणि 'मला चाकूची गरज नाही' हे मत आणखी घट्ट होते. दोष गरजेचा नव्हता, निवडीचा होता.

शंकेखोराचे मन वळवणारा चाकू बहुतेकदा पात्यामुळे वळवतच नाही. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा, मिटल्यावर 58 मिलिमीटर लांबीचा क्लासिक हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. वजन बावीस ग्रॅमच्या आसपास, किल्ल्यांच्या जुडग्यात विसरून जाण्याइतका. त्यात जेमतेम चार सेंटीमीटरचे पाते, छोटी कात्री, टोकाला स्क्रूड्रायव्हर असलेली नखांची कानस, चिमटा आणि दातकोरणे. पहिले काही आठवडे फक्त कात्री निघते: दुधाच्या पिशवीचा कोपरा, सदऱ्याचा लोंबता दोरा, नखाशेजारची टोचणारी साल, गोळ्यांची पट्टी. मग बोटात गेलेले कुसळ काढायला चिमटा. मग चष्म्याच्या दांडीचा सैल स्क्रू. पाते उघडते ते कुरिअरच्या खोक्यावरची टेप फाडायला, आणि तेव्हा लक्षात येते की आजवर हे काम किल्लीने किंवा दातांनी होत होते. तोवर चाकू हा शब्दच डोक्यातून गेलेला असतो. कात्रीची बारीक स्प्रिंग कधीतरी तुटते. ती सुटी मिळते आणि घरी बदलता येते.

ज्यांना याहून मोठे हवे त्यांच्यासाठी त्याच घराण्यातला 91 मिलिमीटरचा चाकू पुरेसा आहे. कार्ल एल्सनर यांनी स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे 1884 मध्ये कारखाना काढला, 1891 मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले आणि 1897 मध्ये आज सगळे ओळखतात ती रचना नोंदवली. मुख्य पाते सात सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे तीन इंचांच्या आत, आणि बिनलॉकचे. पोलादाची कठीणता रॉकवेल मापात 56 च्या जवळपास. दर्दी लोक या मऊपणाला नावे ठेवतात, पण घरगुती वापरासाठी मला तो गुण वाटतो. 60 च्या वरचे पोलाद धार जास्त दिवस धरते खरे, पण चिमटीत न येणारे टवके उडतात आणि ती धार परत आणायला हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. 56 चे पाते साध्या दगडावर पाच मिनिटांत परत येते.

ओपिनेल हा फ्रान्सच्या साव्वा प्रांतातला, 1890 पासूनचा लाकडी मुठीचा चाकू, पात्याच्या पातळपणामुळे फळे कापायला अप्रतिम आहे. पण आपल्या हवामानात त्याची दोन दुखणी आहेत. बीच लाकडाची मूठ दमट हवेत फुगते आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाते इतके घट्ट बसते की नखाने उघडत नाही. मग मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटून पाते थोडे बाहेर काढावे लागते. दुसरे, कार्बन पोलादाचा प्रकार घेतला तर कैरी, लिंबू, कोकम लागताच पाते काळपट होते आणि पहिल्या काही फोडींना लोखंडाचा वास येतो. किनारपट्टीवर तर गंज रात्रीत धरतो. इथे स्टेनलेसच घ्यावा. क्रमांक 6 पासून पुढच्या चाकूंना 1955 मध्ये आलेली फिरती लॉकची कडी असते. क्रमांक 5 आणि त्याखालचे बिनलॉकचे. मी सुचवतो त्या रेघेत फक्त हे लहान बसतील, आणि ते मला मान्य आहे.

चाकूवरचा विश्वास उडतो तो बहुधा धार गेल्यावर. बोथट पाते घसरते, घसरले की लागते, आणि लागले की 'म्हणूनच चाकू नको' असे म्हटले जाते. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या कोरड्या, वेगवान चाकावर बारीक पाते देऊ नये. ठिणग्या उडतात तेव्हा धारेची कड तापून निळसर होते आणि तिथल्या पोलादाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतो. पुढे ती कड दोन दिवसही टिकत नाही. त्यापेक्षा 1000 ग्रिटचा, म्हणजे मध्यम बारीक कणांचा, पाण्याचा दगड घ्यावा, भिजवायचा प्रकार असेल तर दहा मिनिटे पाण्यात ठेवावा. धारेचा कोन एका बाजूला 20 अंशांच्या आसपास हवा. तो डोळ्यांनी ठरवता येत नाही, पण मोजता येतो: पाते दीड सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून पाच मिलिमीटर वर राहिली पाहिजे. धारेच्या कडेला मार्कर पेनाची शाई फासून दोन-तीन हात फिरवा. शाई फक्त वरच्या खांद्यावरून गेली तर पाठ जास्त खाली आहे, फक्त अगदी कडेवरून गेली तर जास्त वर. एका बाजूने इतके घासायचे की दुसऱ्या बाजूला टाचेपासून टोकापर्यंत बारीक खरखर, म्हणजे बर, अंगठ्याला लागेल. अंगठा पाठीकडून कडेकडे आणि तिथून बाहेर न्यायचा, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. मग बाजू बदलायची, शेवटी दाब कमी करत आळीपाळीने हलके हात. उरलेली बर जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, धार मागे ओढत, दहा-पंधरा वेळा पुसली की निघते. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची बिनचकाकीची खरखरीत कडही चालते. वर्तमानपत्राचा लोंबता कागद अडकता न अडकता कापला गेला म्हणजे झाले.

बहुतेकांचा हात कुठे चुकतो? बर येण्याआधीच बाजू बदलण्यात. मग तासभर घासूनही धार येत नाही.

बिजागरीत कणीक, आंब्याचा रस, खिशातला लोकर-धागा साचतो. कोमट साबणपाण्यात पाते बुडवून दहा-बारा वेळा उघडमीट करावी आणि पूर्ण वाळवावे. खोबरेल तेल घालू नये. थंडीत ते गोठते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब पुरतो, आणि त्याच पात्याने फळ कापायला हरकत नसते.

आता विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा. पुण्यात कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांनी लोकांची झोप उडवली, आणि 2023 च्या सुरुवातीला पोलिसांनी विक्रेत्यांना कोयता घेणाऱ्याची ओळख नोंदवून ठेवायला सांगितले. अशा वेळी चाकूला सूट मागणे बेजबाबदार नाही का? उलट, कोयत्याच्या अनुभवानेच रेघेची गरज दाखवली. कोयता हे बीड-अहिल्यानगरच्या ऊसतोड कामगाराचे रोजच्या भाकरीचे अवजार आहे. तिथे तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणून मोजतात. वस्तूच्या नावावर बंदी घातली की गुंडाला दुसरी वस्तू सापडते आणि कामगार मात्र अडचणीत येतो. लांबी, लॉक आणि वागणूक यांवर बोट ठेवले की गुंड आणि कामगार वेगळे काढता येतात. रस्त्यावर कोयता नाचवणाऱ्याच्या हातात सहा सेंटीमीटरचा बिनलॉकचा चाकू देऊन पाहा, त्याची दहशत संपते. आणि धमकी किंवा इजा झालीच तर भारतीय न्याय संहितेची कलमे 351 आणि 118 आहेतच. ती पात्याचे माप विचारत नाहीत.

सरसकट नको म्हटले की काय होते, हे जपानने पाहिले आहे. मिकी शहरात बनणारा हिगोनोकामी हा पितळी किंवा लोखंडी पत्र्याच्या मुठीचा साधा मिटणारा चाकू एकेकाळी शाळकरी मुलांच्या दप्तरात असे, पेन्सिलीला टोक करायला. 1960 च्या ऑक्टोबरमध्ये समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची 17 वर्षांच्या मुलाने व्यासपीठावर आखूड तलवारीने हत्या केली. त्यानंतर मुलांच्या हाती धारदार वस्तू नकोत अशी मोहीम देशभर पसरली आणि हिगोनोकामी दप्तरांतून गेला. ज्या हत्याराने खून झाला त्याचा या चाकूशी काही संबंध नव्हता. मिकीत एकेकाळी अनेक कारागीर तो बनवत. आज त्या नावाने बनवणारे एकच घर उरले आहे. नागानो प्रांतातल्या इकेदा गावात मात्र एक प्राथमिक शाळा पहिलीच्या मुलांना हिगोनोकामी देते आणि त्याने पेन्सिल तासायला शिकवते. सहा वर्षांच्या मुलाला जबाबदारीने हाताळता येणारी वस्तू आपण पन्नाशीच्या शिक्षकाच्या खिशात संशयाने पाहतो. पात्याभोवतीची ही अस्वस्थता इतकी वाढली आहे की खुद्द व्हिक्टोरिनॉक्सने 2024 मध्ये पाते नसलेल्या खिशातल्या अवजाराची तयारी सुरू असल्याचे सांगितले.

सवलत मागणाऱ्यांनीही एक पथ्य पाळले पाहिजे. स्वसंरक्षणासाठी चाकू हवा, असे म्हणणाऱ्यांशी माझा संबंध नाही. एकदा ते म्हटले की चाकू अवजार राहत नाही आणि पोलिसाचा संशय योग्य ठरतो. शिवाय हाणामारीत चाकू काढणारा स्वतःच जास्त धोक्यात येतो. चाकू कंबरेला लटकवू नये, गर्दीत उगाच उघडमीट करू नये, मिरवणुकीत, सभेत आणि परीक्षा केंद्रावर नेऊच नये. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इन बॅगेत टाकावा. मेट्रोच्या तपासणीत अडवले तर हुज्जत घालू नये.

आदेशात घालायचे वाक्य एवढेच: "हा आदेश 7.5 सेंटीमीटरपेक्षा जास्त लांब पाते नसलेल्या, उघडल्यावर लॉक न होणाऱ्या, बटन किंवा स्प्रिंगने न उघडणाऱ्या मिटणाऱ्या चाकूला, तो धमकावण्यासाठी वापरला वा दाखवला नसल्यास, लागू होणार नाही." पोलीस आयुक्त आणि जिल्हाधिकारी हे वाक्य पुढच्याच आदेशात घालू शकतात; विधिमंडळात जायची गरज नाही, कारण आदेश काढायचा अधिकार त्यांचाच आहे. नाक्यावरच्या हवालदाराला तपासायला अर्धे मिनिट लागेल. चाकू मालकालाच उघडायला सांगावा: नखाच्या खाचेत नख घालून, दोन हातांनी उघडावा लागला पाहिजे. मग पात्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबावे. मिटू लागला तर बिनलॉकचा. शाळेची पट्टी पात्याला लावावी आणि साडेसातच्या आत असेल तर चाकू परत द्यावा. पट्टीबाहेर गेला, किंवा पाते मिटले नाही, तर आजची कारवाई आहे तशी करावी.